जेल रोडचं घर मी ठरवलंय

पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई, बाबा,
सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. नाशिकचं घर मी ठरवलंय. गंगापूर रोडचं नाही, जेल रोडचं. आणि विकत नाही, भाड्याने. शुक्रवारी मालकांना दहा हजार टोकन दिलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण त्याच संध्याकाळी दुसरं कुटुंब बघायला येणार होतं आणि पहिल्या मजल्यावरचं असं घर पुन्हा हाती लागलं नसतं. बाबा, रागवा, पण पत्र संपल्यावर रागवा. आई, तू वाचून दाखव, त्यांचा नवा चष्मा अजून दुकानातच पडलाय ना?

गंगापूर रोडचा सातवा मजला तुम्हा दोघांना का आवडला ते मला पक्कं कळतं. बाल्कनीतून नदी, खाली बाग, आणि आयुष्यभर दोन खोल्यांत काढल्यावर एकदा तरी मोठं घर. तुमचा त्यावर हक्कच आहे. पण हिशेब मांडला तेव्हा मला झोप लागली नाही. ८५ लाखांचं घर, बांधकाम चालू असल्यामुळे वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचार लाख. मुद्रांक शुल्क वेगळं, नोंदणीचे ३०,००० वेगळे. डोंबिवलीचं घर विकून ६२ लाख आले तरी तीस लाखांच्या आसपास खड्डा उरतो. तो भरायला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले २४ लाख मोडावे लागणार. ८.२ टक्क्यांनी त्यांचे दर तिमाहीला ४९,२०० येतात, तुमचं सगळं घर त्यावर चालतं. एक वर्ष झाल्यावर पण दोन वर्षं व्हायच्या आत मोडले तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, तो वेगळाच. ताबा २०२८ चा. तोवर राहणार कुठे? आणि राहायला गेल्यावर महिन्याचा मेंटेनन्स साडेचार हजार. घर मोठं आणि हात रिकामा, असं मला तुमचं व्हायला नकोय.

म्हणून डोंबिवलीचं घर आत्ता विकू नका. त्या गिऱ्हाइकाला मी गोड शब्दांत सांगितलंय की वर्षभर थांबा. ते १६,००० ने भाड्याने जाईल, जेल रोडचं भाडं ११,५०० आहे. वरच्या साडेचार हजारांतून डोंबिवलीच्या सोसायटीचा खर्च भागतो, बचतीला हात लावावा लागत नाही. पुढे विकाल तेव्हा एक लक्षात ठेवा. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो, पण विवरणपत्राच्या तारखेपर्यंत घर झालं नसेल तर ती रक्कम बँकेत कॅपिटल गेन्सच्या खात्यातच ठेवावी लागते. साध्या एफडीत ठेवली की सवलत जाते. बरेच जण इथेच चुकतात. आणि घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. ते तेव्हा बघू.

आता जेल रोडच का. आत्या म्हणेल पंचवटीत ये, माझ्याजवळ. आत्याचा मान ठेवून सांगते, आत्ता नको. २०२७ ला सिंहस्थ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वणीला रामकुंडाकडचे रस्ते बंद असणार, तपोवनात साधुग्राम. त्या दिवसांत तिच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरणं कठीण. शिवाय पूर. तुम्ही दोघांनी दुतोंड्या मारुती बुडालेला फक्त टीव्हीवर बघितलाय. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा गोदाकाठच्या तळमजल्यांत पाणी होतं. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की रेषा कुठून जाते ते दिसतं. गोदावरीच नाही, नासर्डी आणि वाघाडीच्या काठीही हे बघावं लागतं, कारण त्या छोट्या दिसतात म्हणून कोणी विचारत नाही.

जेल रोडलाही दसक-पंचकच्या बाजूला नदी आहेच. म्हणून मी रस्त्याची वरची बाजू धरली आणि एजंटाला न विचारता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. पाणी कुठवर येतं, लाइट किती वेळ जाते, कुठल्या सोसायटीत भांडणं आहेत, हे त्याला माहीत असतं. मग पार्किंगच्या भिंती बघितल्या. पाणी शिरलेल्या ठिकाणी कितीही रंग दिला तरी एका उंचीवर मळकट रेघ राहते, नाहीतर विजेचे मीटर मागाहून वर चढवलेले दिसतात. इथे दोन्ही नाही.

म्हसरूळला भाडं आणखी दोन हजारांनी कमी होतं. पण रात्री आठनंतर रिक्षा मिळत नाही आणि भाजी घ्यायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. इंदिरानगर छान आहे, फक्त महामार्गापलीकडे जायचं म्हटलं की तो बोगदा, आणि संध्याकाळी बोगद्यात अडकलेली रिक्षा मला तुमच्या बाबतीत नको. पाथर्डी फाट्याला नव्या इमारती भरपूर, पण पायी टप्प्यात डॉक्टर नाही. देवळाली कॅम्पची हवा बाबांना आवडते, तिथे रविवारी फिरायला जा.

इथे गेटपासून चालत मोजलं. औषधांचं दुकान १८० पावलं, दूध २१०, पिठाची गिरणी ३००, जनरल डॉक्टर ३५०. एकही मोठा रस्ता ओलांडायचा नाही. आज तुम्ही दोन किलोमीटर चालता, पण घर निवडताना काठी घेऊन चालणाऱ्या बाबांना डोळ्यासमोर ठेवलं. आसपास नोटांच्या छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून निवृत्त झालेली माणसं खूप आहेत, सकाळी कट्ट्यावर पेपर वाचत बसलेली असतात. बाबा, तुमचा कट्टा तयार आहे. नाशिकरोड स्टेशन रिक्षाने दहा-बारा मिनिटांवर. सकाळी पंचवटी एक्सप्रेस धरली की त्याच सकाळी कल्याण. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, एसटीत मात्र दोघांचं तिकीट अर्धं, आणि बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली की फुकट.

हृदयाच्या डॉक्टरांचं सांगते, नाहीतर तुम्ही तेच धरून बसाल. गंगापूर रोडच्या बाजूला मोठे दवाखाने जास्त आहेत, हे खरं. पण मी संध्याकाळी सात वाजता, ऐन गर्दीत, रिक्षाने जाऊन बघितलं. चोवीस तास कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, चालू असलेल्या रुग्णालयात या घरून १४ मिनिटांत पोचता येतं, आणि वाटेत तो कोंडीचा द्वारका चौक लागत नाही. ते रुग्णालय तुमच्या विम्याच्या यादीत आहे, मी कंपनीला फोन करून खात्री केली. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड बाबांनी अजून काढलेलं नाही. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि विमा असला तरी मिळतं. आधार घेऊन जा आणि या आठवड्यात काढा. आईचं पुढच्या वाढदिवसानंतर.

आता घर. पहिला मजला, सतरा पायऱ्या, नवव्या पायरीनंतर उभं राहून दम घेता येईल एवढी जागा. पायरी साडेसहा इंच उंच, मी पट्टी लावून मोजली. आठ इंचांची असली की उतरताना सगळं वजन एका गुडघ्यावर येतं, आईचं दुखणं तिथूनच वाढतं. लिफ्ट आहे, पण चार माणसांची. तिच्यात स्ट्रेचर आडवं मावत नाही. बऱ्याच इमारतींत हेच असतं आणि घर घेताना कोणी बघत नाही. पहिल्या मजल्यावरून माणसाला खुर्चीत बसवून दोघं जण खाली आणू शकतात. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण २०२१ च्या त्या रात्रीपासून मी कुठल्याही इमारतीत शिरले की आधी जिना बघते. सगळ्यात वरचा मजला मुद्दाम टाळला, एप्रिल-मे मध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम राहतो. तळमजल्यावर पार्किंगचा धूर आणि डास.

पावसाळा संपता संपता गेले होते, ते बरं झालं. ओल लपत नाही तेव्हा. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला कपाटामागे हात लावून बघितला, कोरडी आहे. एका घरात एकाच भिंतीला ताजा रंग होता आणि खाली फरशीच्या कडेला पांढरा लोणा फुटलेला, तिथून मी लगेच निघाले.

आई, पाण्याचं. ओट्यावर दोन नळ आहेत, एक महापालिकेच्या पाण्याचा, एक बोअरचा. वरण, भात, चहा, सगळं पालिकेच्या पाण्याचं. बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ चार शिट्ट्यांतही टणक राहते आणि तू म्हणशील डाळच वाईट. गीझरला मात्र बोअरचं पाणी जातं, म्हणून कॉइलवर क्षार बसतो. वर्षातून एकदा साफ करून घ्यायचा. देवघराची जागा पूर्वेला आहे, तुझा समईचा कोनाडासुद्धा. ओट्याची उंची तुझ्या कमरेइतकी आहे, वाकावं लागणार नाही.

बाथरूममध्ये मालकांच्या परवानगीने स्टीलचा दांडा बसवतेय, सव्वा इंच जाडीचा, कमोडच्या उजव्या हाताला. मागच्या विटेत पक्का धरला पाहिजे. नुसत्या टाइलवर बसवला तर टाइलसकट निघतो. टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती दोन बारक्या स्क्रूंवर असते. बाबा, हे तुम्हाला. दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवून घेतेय. आतून कोणी पडलं तर आत ढकलायचा दरवाजा उघडत नाही.

करार २२ महिन्यांचा, १ डिसेंबर २०२५ पासून ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत, म्हणजे पर्वण्या पार पडेपर्यंत. अकराचा केला असता तर नेमका सिंहस्थाआधी मालकांना जास्त भाड्याचा मोह झाला असता. आपल्या बाजूने एक महिन्याची नोटीस, डिपॉझिट ४०,०००. नोंदणीला माणूस घरी येईल, अंगठा आणि आधार लागतं. मसुदा मी वाचल्याशिवाय अंगठा लावायचा नाही.

या बावीस महिन्यांत एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा तरी नीट बघा. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, डोंबिवलीच्या माणसाला ते सोसतं का ते कळेल. सोसलं आणि मन रमलं तर तिथेच विकत घेऊ. तेव्हा मी सगळ्यात आधी पूर्णत्वाचा दाखला मागणार. नाशिकमध्ये घरातल्या कपाटांची जागा बांधकामात धरायची का, या प्रश्नामुळे कितीतरी इमारती वर्षानुवर्षं दाखल्याविना अडकल्या होत्या आणि राहणारे हकनाक भरडले गेले. आडगावच्या त्या गुंठ्याच्या तुकड्याबद्दल काका पुन्हा बोलले तर "मुलीला विचारतो" एवढंच म्हणा.

मी पुण्याला माझ्याकडेच या का म्हणत नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो रोज पडतो. चौथा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर घरात कोणी नाही. तुम्ही दारामागे बसून माझी वाट बघाल, हे मला सहन होणार नाही. शाळेच्या फाटकाशी मला उशीर झाला की तुम्ही दोघं उभे असायचात, छत्री एकच. तेवढं मला फिरून देता येत नाही, बाबा. निदान चौदा मिनिटांवर डॉक्टर आणि शेजारी बोलायला माणसं देता येताहेत. पर्वणीच्या आठवड्यांत मात्र तुम्ही माझ्याकडेच राहायचं, तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसणार. मी रजा टाकणार आहे.

बाबा, मे मध्ये गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. जाताना बस, येताना रिक्षा, रात्री बसची वाट बघत उभं राहायचं नाही. लायब्ररीची वर्गणी मी भरते.

सामान मी २९ तारखेला येऊन बांधणार. माळ्यावरचं काहीही काढायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, आई, विशेषतः तू. आजीचं मोठं पातेलं नेऊ, टाकत नाही, काळजी नको. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर बाबांनी एजन्सीतून घ्यावं, सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केल्याची पावती सांभाळून. पेन्शनच्या बँकेत हयातीचा दाखला नोव्हेंबर संपायच्या आत देऊनच निघा, नव्या पत्त्याच्या गडबडीत तो राहून जातो. गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन ठेवा. जुनी ईसीजीची कागदं निळ्या पिशवीत घालून हातातल्या बॅगेत, टेम्पोत नाही.

रविवारी रात्री नऊला फोन करते. तोवर रागवून झालेलं असू दे.

तुमची
मनू