पाच चाळीसच्या एस.टी.ची चिठ्ठी

लायब्ररीवाले काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त झालात हे परवा कळलं. फोन लावणार होते, पण फोनवर रडायला आलं असतं. म्हणून चारचौघांसमोर हे उघड पत्र.

आठवतंय ना, मी आले तेव्हा हातात परत आलेला लेख होता. विषय साधा होता. विदर्भातल्या गावांमध्ये सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, किती जणांत सापडला, याबद्दल आजवर जे जे छापलं गेलंय ते सगळं गोळा करायचं. आमच्या धानोरा तालुक्यात रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात, अन् आई विचारते, "म्हणजे काय झालं जी?" ते लेकरू वाहक आहे की आजारी, हे त्या गढूळ नळीवरून सांगता येत नाही. पुढच्या तपासणीला त्याला कुठवर पाठवायचं, किती जणांना पाठवावं लागणार, या हिशोबासाठी मला आकडे हवे होते.

तुमच्याआधी मी कोणाकोणाकडे गेले ते सांगते. मोठ्या माणसांनी सांगितलं, "पबमेड मार, निघेल तेवढं घे." पबमेड म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची. एक सीनियर म्हणाले, "कॉक्रेनचं नाव टाक, वजन पडतं." कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास तपासून एकत्र मांडणारी संस्था. शहरातल्या एका एजन्सीनं आठ हजार घेतले आणि गूगल स्कॉलरची पहिली काही पानं स्पायरल लावून हातात ठेवली. लेख तपासणाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती: एवढाच डेटाबेस का? तिघांपैकी एकानंही ती ओळ वाचायची तसदी घेतली नाही.

तुम्ही ती दोनदा वाचलीत. मग म्हणालात, "दहा पेपर लिहून दे, जे सुटले तं तुले लाज वाटंल." मी दिले. माझाच सर्च माझ्यासमोर लावलात. दहापैकी सहा आले.

तुम्ही हसला नाहीत. "पाय बरं," म्हणालात, आणि उरलेले चार एकेक करून शोधायला बसलात. दोन अशा नियतकालिकांतले होते जी पबमेड घेतच नाही, ती एम्बेस नावाच्या दुसऱ्या वैद्यकीय डेटाबेसमध्ये सापडली. आपल्याकडे एम्बेस नव्हतं, म्हणून तुम्ही ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंना फोन लावलात. तिसरा प्रबंध निघाला, शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात. कॉक्रेनचं मी विचारलं, तर म्हणालात, "त्याच्या सेंट्रल नावाच्या यादीमधी उपचारांच्या चाचण्या असतात. तू तं माणसं मोजून रायली." गूगल स्कॉलरवर मात्र तुमचा राग दिसला. "हजाराच्या पुढचं थो दाखवतच नाही. आज एक, उद्या दुसरंच. शेवटी पाय, आधी नोको पाहू." एवढं सोपं करून मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. एम.डी. झाले तरी नाही.

चौथा राहिला. १९५८ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला, नागपूरच्या डॉक्टरांचा. तो पबमेडमध्ये आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण काही केल्या माझ्या सर्चमध्ये येईना. शब्द बदलून बदलून डोळे दुखले. तुम्ही उठून कपाटांना कुलपं लावायला गेलात. परत आलात तेव्हा माझ्या वहीत पुस्तक देण्याची एक जुनी स्लिप सरकवलीत. तिच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं:

"१९५८ साली महाराष्ट्र होता का? शेवटची एस.टी. ५.४०. निघ."

मी सर्चमध्ये महाराष्ट्र आणि विदर्भ टाकून बसले होते. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. त्या लेखाच्या शीर्षकात 'मध्य भारत' आहे, आणि इतक्या जुन्या नोंदींना बहुतेक वेळा सारांशही नसतो, मग विदर्भ हा शब्द सापडणार कुठून? मध्य भारत, मध्य प्रांत, वऱ्हाड, मुंबई राज्य अशी सगळी जुनी नावं घातली आणि दहाच्या दहा आले. त्यानंतर आणखीही आले, मला माहीतच नसलेले.

पण काका, मला आजही भरून येतं ते त्या चिठ्ठीच्या दुसऱ्या भागानं. माझी चूक तुम्ही चारजणांत बोलून दाखवली असती तरी चाललं असतं, तसं करणारे मी ढीगभर पाहिलेत. तुम्ही प्रश्न विचारलात, आणि पोरगी अंधारात स्टँडवर अडकू नये हेही त्याच पेन्सिलीनं लिहिलंत. असं वागायला पद लागत नाही, पगार लागत नाही. तरी किती कमी लोकांना जमतं.

लेख लागला. आभारात नाव घालू का विचारलं, तर म्हणालात, "काहून बाप्पा? म्या का रक्त काढलं?" म्हणून नाव इथंही नाही.

स्लिप माझ्या ओ.पी.डी.च्या टेबलावर काचेखाली आहे. एस.टी. मात्र त्या दिवशी साडेसहाला आली. तेवढं तुमचं चुकलं.

तुमची,
धानोऱ्याकडची डॉक्टरीण