बाबा, ‘जाऊ दे’ म्हणू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट आईच्या हाती निरोप देऊन भागण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आण आणि बाबांच्या हातात दे.

एफडीच्या व्याजावरून आलेल्या प्राप्तिकराच्या नोटिशीचं विचारायला बाबा प्राप्तिकर कार्यालयात गेले तेव्हा काय झालं, ते आईने मला सांगितलं. बराच वेळ रांगेत थांबून नंबर लागला. खिडकीतला माणूस मान खाली घालून, काचेआडून बोलत होता. बाबांनी दोनदा “काय म्हणालात?” विचारलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आजोबा, तुम्हाला नाही कळायचं. घरातल्या कुणा कळत्या माणसाला घेऊन या.” आणि मागच्याला पुढे बोलावलं. बाबा फाइल काखेत मारून स्वारगेटवरून बसने कोथरूडला परतले आणि जेवताना म्हणाले, “जाऊ दे, त्यांनाही कामाचा ताण असतो.”

बाबा, ताण असेल, पण मला हे जाऊ द्यायचं नाही. सोसायटीचा हिशेब तुम्ही इतकी वर्षं ठेवलात, ऑडिटरला कधी एका रुपयाचा फरक सापडला नाही. कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धडधडाटात उभी हयात गेली म्हणून कान गेले. पगारातून दर महिन्याला कर कापला गेला, त्यावर तुम्ही कधी हूं की चूं केलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला कळतही नाही, असं धरून चालायचं आणि त्याचं काम मागे टाकायचं, याला भेदभावच म्हणतात. तो हसून केला काय आणि ओरडून केला काय.

यावर कायदा काय म्हणतो, ते मी नीट वाचून काढलं. २०२० साली तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यात ११९अ हे कलम घातलं आणि त्यानुसार करदात्यांची सनद निघाली. १३ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी ती जाहीर केली. त्यात खात्याने स्वतःवर १४ बंधनं घेतली आहेत. पहिलंच न्याय्य, सौजन्याची आणि वाजवी वागणूक देण्याचं. वेगळं मानायला कारण नसेल तर करदाता प्रामाणिक आहे असं समजण्याचं दुसरं. आणखी एक आहे, ते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: करदात्याला आपल्या पसंतीचा प्रतिनिधी नेमू देणं. म्हणजे कुणाला सोबत न्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. खिडकीवरच्या माणसाला तशी अट घालता येत नाही.

सनदेत वय, अपंगत्व, जात, भाषा असे शब्द मांडून भेदभावाला मनाई केलेली नाही, ही त्यातली उणीव मला खरंच खटकते. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा ते स्पष्ट सांगतो आणि तो सरकारी कार्यालयांनाही लागू आहे. दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल इतकं कमी ऐकू येत असेल तर तो माणूस या कायद्यात बसतो. आई, कानाचं मशीन घेताना काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा कागद, लोखंडी कपाटात असेल, त्यावर आकडा बघ. त्या आकड्यात बाबा बसत असतील, तर समोरच्याने मुद्दा कागदावर लिहून दाखवणं ही मेहेरबानी उरत नाही, कायद्याने द्यावयाची सोय होते.

इकडे अमेरिकेत मी करहंगामात शनिवारी वाचनालयात जाते ना, लोकांची विवरणपत्रं फुकट भरून द्यायला, तिथे दारातच एक सूचना लावलेली असते: वंश, वर्ण, मूळ देश, लिंग, अपंगत्व, वय यांवरून कुणाला वेगळी वागणूक मिळाली तर लेखी तक्रार कुठे करायची, त्या पत्त्यासकट. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून ही वाट तयार झाली. येणारा प्रत्येक जण ती वाचतोच असं नाही, पण टेबलामागे बसणाऱ्या आम्हाला ती रोज दिसते, आणि तिचा खरा उपयोग तोच आहे असं मला वाटतं.

तरी इथेही भेदभाव झालाच, आणि तोही समोर माणूस नसताना. २०२३ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सरकारी अर्थतज्ज्ञांबरोबर केलेला अभ्यास बाहेर आला. कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या २.९ ते ४.७ पट जास्त होत होती. विवरणपत्रात वंश कुणी विचारत नाही. पण कमी उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांना मिळणारी एक सवलत आहे, ती मागणाऱ्यांमधून कुणाची तपासणी करायची हे संगणक निवडत होता आणि त्या निवडीतच कल होता. मे महिन्यात इथल्या करखात्याचे, म्हणजे आयआरएसचे, तेव्हाचे आयुक्त डॅनियल वेर्फेल यांनी सिनेटला पत्र लिहून हे मान्य केलं आणि पुढे त्या तपासण्या बऱ्याच कमी करत असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी आकडे मोजून समोर ठेवले म्हणून हे घडलं.

आपल्याकडे करतपासणीची फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन चालणारी पद्धत आली तेव्हा तुम्ही खूश झाला होतात, बाबा. कोण अधिकारी, कुठल्या गावचा, काही कळत नाही, म्हणजे ओळखपाळख संपली. ते चांगलंच झालं. पण मोबाइलवरचा ओटीपी वेळेत वाचता न येणाऱ्याचं काय? कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवायची सक्ती ज्यांना जमत नाही, अशा अ‍ॅसिडहल्ला झालेल्या आणि अंध व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. पॅनच्या अर्जावर तृतीयपंथीयांसाठी वेगळा रकाना २०१८ मध्ये आला, तोवर त्यांना खोटी खूण करावी लागत होती. हे सगळं कुणीतरी ‘जाऊ दे’ म्हणालं नाही म्हणून झालं.

आता कामाचं. नोटिशीवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आहे का ते आधी बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो असावाच लागतो आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर पडताळता येतो. मूळ भानगड मला तरी साधी दिसते. आईच्या पैशाची एफडी जोडनावाने आहे, पहिलं नाव बाबांचं, म्हणून व्याज बाबांच्या पॅनवर गेलं. एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे आपल्या पॅनवर जमा झालेल्या माहितीच्या वार्षिक तक्त्यात, ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा पर्याय असतो, तो निवडून उत्तर देता येईल. आईच्या विवरणपत्रात ते व्याज दाखवलेलं आहे, त्याची प्रत जोडा. एवढ्यासाठी त्या खिडकीवर परत जायची गरज नाही.

वागणुकीची तक्रार मात्र वेगळी करायची. पोर्टलवर ई-निवारण ही तक्रारीची सोय आहे, तिथे नोंदवली की क्रमांक मिळतो. लेखी अर्जही आयकर सेवा केंद्रात द्यावा असं माझं मत आहे. तेवढ्याने दाद लागली नाही तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाता येतं. राज्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे, पण प्राप्तिकर हे केंद्राचं खातं पडलं.

सुनीलदादा सोबत यायला तयार आहे. नातेवाईक म्हणून त्याला अधिकारपत्र देता येतं. बाबा, तुम्हाला तो हवा असेल तरच द्या. नको असेल तर एकटे जा आणि खिशात वही-पेन ठेवा.

अर्जाचा मसुदा सोबत पाठवते आहे. त्या माणसाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही, मला त्याची नोकरी घालवायची नाही. तारीख, वेळ आणि तो जे बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, आणि ऐकू कमी येणाऱ्यांशी लिहून बोलावं अशी मागणी केली आहे. बाबा, भाषा तुम्ही सुधारा, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. आई, शिक्का मारलेली पोच मला व्हॉट्सअ‍ॅप कर.

तुमची,
मनू