पोलिसांना जाब विचारू नका, कागद मागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत अधूनमधून एक तक्रार हमखास असते. पोलिसांकडे माहिती अधिकारात अर्ज केला आणि ‘माहिती देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. लिहिणाऱ्याचा संताप खरा असतो. पण मी अमळनेरला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो आणि असे फेटाळलेले अर्ज माझ्याकडे पुन्हा लिहायला येतात. त्यातल्या बहुतेकांत खोट एकच दिसते. अर्जदाराने कागद मागितलेलाच नसतो, जाब विचारलेला असतो.

‘माझ्या तक्रारीवर कारवाई का झाली नाही?’ ‘आरोपीला कोण पाठीशी घालतंय?’ ‘चोर कधी सापडणार?’ प्रश्न रास्त आहेत. ते अधीक्षकांना भेटून विचारा, आमदारांना विचारा, आपल्या वार्ताहराला सांगा. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा मात्र कार्यालयात जे नोंदलेले आहे तेवढेच देतो. नोंदीत नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सांगून टाकले आहे. ‘का’ने सुरू होणारा अर्ज आला की माहिती अधिकाऱ्याचे काम सोपे होते. तो एका ओळीत सुटतो.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याचेच घ्या. रातोरात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी हा दखलपात्र गुन्हा, म्हणजे एफआयआर व्हायलाच हवी, पण ठाण्यातून हातात पडते ती साध्या अर्जाची पोच. पुढे महिनोन्‌महिने सामसूम. हा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा पहिले वाक्य ठरलेले, “पोलीस आपले कागद देतीन का, भाऊ?” देतील, पण कागदाचे नाव घेऊन मागितला तर. त्याच्या अर्जात मी असे लिहितो: अमुक तारखेच्या माझ्या तक्रार अर्जाच्या आवक नोंदीची प्रत; तो अर्ज ज्या अंमलदाराकडे चौकशीला दिला त्या आदेशाची प्रत; चौकशीत घेतलेले जबाब आणि चौकशी अहवाल यांच्या प्रती; त्या तारखेच्या स्टेशन डायरीतील माझ्या तक्रारीच्या नोंदीची प्रत. बस्स. ‘का’चे उत्तर त्यात आपोआप येते. चौकशी झालीच नसेल तर अहवालापुढे ‘निरंक’ (म्हणजे काही नाही) असा शेरा येतो आणि तो शेरा सहीशिक्क्यानिशी येतो. अधीक्षकांकडे किंवा कोर्टात पुढची दाद मागताना त्या एका शब्दाचे वजन पानभर संतापापेक्षा जास्त असते.

गुन्हा नोंदवला गेला असेल तर आणखी सोपे. फिर्यादीला एफआयआरची प्रत तिथल्या तिथे, फुकट मिळायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(२) तेच सांगते, जुन्या कायद्यातही ते होतेच. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावणे ही शुद्ध टोलवाटोलवी. तिऱ्हाइतालाही एफआयआर पाहता येते, कारण ती २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे (दुर्गम भागासाठी ७२ तासांपर्यंत सवलत). लैंगिक अत्याचार, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून प्रकाशित एफआयआर शोधता येतात. अपघाताच्या विम्यासाठी धावपळ करणाऱ्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नसते. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवायची असते, हेही लक्षात ठेवा. केबलचोरीचा शेवट बहुधा ‘अ’ समरीत होतो, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तो अहवाल कोर्टात गेला की त्याची नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून घ्यावी. दोषारोपपत्राचेही तसेच. ते एफआयआरसारखे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले आहे.

आता अर्ज कुणाच्या नावे? इथे गोंधळ फार. टीव्हीवर पुण्या-मुंबईच्या बातम्या पाहून लोक ‘पोलीस आयुक्त, जळगाव’ असे लिहितात. एकाने तर महापालिकेत अर्ज दिला होता. आपल्या खान्देशात पोलीस आयुक्तालय नाही. जळगाव आणि धुळे या महानगरपालिका असल्या तरी शहरातली ठाणीसुद्धा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्याच हाताखाली आहेत. भुसावळ स्टेशनात पाकीट गेले तर नोंद लोहमार्ग पोलिसांकडे. रेल्वे सुरक्षा दल आणखी वेगळे, ते केंद्राचे, तिथे आपला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावावी. पत्ता चुकला म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पण ते पाच दिवस तरी का घालवा?

बाकी सोपस्कार फार नाहीत. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत, हा २०१२ पासूनचा राज्याचा नियम. प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली तर फी नाही. कागद नेमका कोणता हे कळत नसेल तर आधी अभिलेख पाहण्याची मागणी करावी, पहिला तास फुकट असतो, पाहून खुणा करून प्रती घ्याव्यात. अर्ज राज्य सरकारच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसाने नंदुरबारची खेप घालण्यापेक्षा तो किंवा स्पीड पोस्ट बरे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानेच मदत करायची, असे कायद्यात आहे. (त्याने माझा धंदा बुडेल, पण आहे ते आहे.)

“कशाला पाहिजे?” हा ठाण्यातला पहिला प्रश्न. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगण्याचे बंधन नाही. अर्ज गेल्यावर ‘साहेबांनी बोलावलंय’ असा फोन येतो, कधी ‘मागे घ्या, बसून मिटवू’ असा निरोप. एका ठाण्यातून माझ्याच अर्जदाराला असा निरोप आला, त्याने शांतपणे सांगितले, “लेखी पाठवा.” त्यावर कागद आले.

नकाराचे हुकमी हत्यार म्हणजे कलम ८(१)(ज), ‘तपासात अडथळा येईल’. हे कलम हवेच. खबऱ्याचे नाव, पीडितेची ओळख, तपासी अधिकाऱ्याची केस डायरी उघडी पडू नये, याबद्दल माझे दुमत नाही. पण तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही. ही माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात म्हटले आहे. अपिलात हे वाक्य जरूर लिहा. शिवाय कलम १० प्रमाणे झाकायचा भाग झाकून उरलेला कागद द्यावा लागतो. वैयक्तिक माहितीचा आडोसा मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने पूर्वीपेक्षा मोठा करून ठेवला आहे. ८(१)(ञ) मधला जनहिताचा अपवाद त्याने काढला, त्यामुळे आता ८(२) वर बोट ठेवून जनहित दाखवावे लागते. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण हवे असेल तर उशीर करू नये. ते १८ महिने, निदान वर्षभर तरी जपावे असा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, पण ‘डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बिघडला’ हे उत्तर तयारच असते. चित्रण किंवा जुनी नोंदवही ‘नष्ट झाली’ म्हणाले तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागावी.

तीस दिवसांत उत्तर नाही आले तर तो नकारच समजायचा आणि पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करायचे. लोक इथेच ढेपाळतात. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते आणि दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. मात्र दंड राज्य माहिती आयोग करतो, आणि आपले दुसरे अपील आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते, तिथली रांग मोठी आहे. म्हणून सगळा जोर पहिल्या अर्जाच्या शब्दांवर लावावा असे मी सांगतो. एका अर्जात पन्नास प्रश्न कोंबून अधिकाऱ्याला घाम फोडणारे काही ‘कार्यकर्ते’ आपल्याकडेही आहेत. त्यातले काही अर्ज तडजोडीसाठीच असतात, हे पोलीस म्हणतात त्यात तथ्य आहे, पण त्यांची शिक्षा केबल गेलेल्या शेतकऱ्याला नको.

पोलिसांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. माहिती अधिकारी आणि अपिलीय अधिकारी कोण, कोणत्या नोंदवह्या ठेवल्या जातात, हे कलम ४ प्रमाणे न मागता जाहीर करायचे आहे. मी पाहिलेल्या फलकांवर बदलून गेलेल्या साहेबांची नावे असतात, काही ठिकाणी तो फलक कपाटामागे असतो. आपल्या दैनिकाने जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अधीक्षक कार्यालयांकडून ही ठाणेनिहाय यादी मागवून एकदा छापावी, बदल्यांच्या हंगामानंतर पुन्हा छापावी. यादी देणार नाहीत तर आपल्या वार्ताहराने १० रुपयांचा स्टॅम्प लावून ती मागावी. अर्ज मी फुकट लिहून देईन.

जागेअभावी हे पत्र कापावे लागले तर कलमांचे आकडे तेवढे गाळू नयेत. अर्ज लिहिताना लोकांना तेच लागतात.

आपला नम्र,
एक अर्जलेखक, अमळनेर
(जि. जळगाव)