पान दाखवा, पासबुक नको

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

काल आईचा फोन आला आणि पोटात गोळाच आला. द्राक्षाच्या विम्याचे पैसे मंजूर झालेत म्हणणाऱ्या त्या माणसाला आपला गट नंबर, बँकेची शाखा, सगळं तोंडपाठ. आणि बाबा ओटीपी वाचायला चष्मा शोधतायत! सापडला नाही म्हणून वाचलो. (आई, उशीखाली असेल. राहू दे तिथेच.)

त्याला हे सांगितलं कुणी? तासगावच्या बागायतदारांचा ग्रुप मागे मागे जाऊन पाहिला. बाबा, तुम्हीच. छाटणीनंतरच्या पावसात बागेवर डावणी, तो बुरशीचा रोग, आली, तेव्हा तुम्ही पानाचा फोटो टाकलात. वर तेलकट पिवळा डाग, पान पालथं केलं की पांढरी बुरशी. कुणीतरी खवचटपणे विचारलं, "बाग तुमचीच ना?" लगेच तुम्ही विम्याला जोडलेली कागदं टाकलीत. सातबारा, पासबुक, आधार. हजारभर माणसांत.

सातबारा कुणालाही ऑनलाइन दिसतो, म्हणाल. दिसतो. पण शेजारी पासबुक नसतं ना! आधार कुठे द्यावंच लागलं तर 'मास्क्ड' आधार काढा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. टाकलेले फोटो आता सगळ्यांच्या फोनमधून पुसता यायचे नाहीत, म्हणून सोमवारी शाखेत जाऊन सांगून या. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन, मला नंतर.

त्या कागदांखाली कुणी काही बोललेलंही नाही. माणसं जमली ती तुमच्या पुढच्या मेसेजवर: "पाऊस उघडेल म्हणून फवारणी 3 दिवस लांबवली. चूक माझी." एकाने लिहिलंय, "अण्णा, मीपण थांबलो होतो." मग एकेकजण आपापलं कबूल करत गेला. ते वाचून मला जरा लाजच वाटली. दोन वर्षं मी टोपणनावाने कोडिंगचे प्रश्न विचारते. नाव झाकते ते ऑफिसात कळू नये म्हणून, ते ठीकच आहे. पण प्रश्नही "मित्राला अडलंय" असाच घालते, आणि उत्तरं त्या नसलेल्या मित्राला मिळतात. काल पहिल्यांदा लिहिलं, मला हे येत नाही. नाव टोपणच ठेवलं.

बाबा, डावणी आटोक्यात आली का, घड किती वाचले, हे तुम्ही ग्रुपात अजून लिहिलेलं नाही. दोघांनी विचारलंय.

तुमची,
चिमी