चि. सोनूस, पेपर पाहिल्यावर

यावल, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, ‘अप्पा, फिजिक्स माझ्याच्यानं होणार नाही.’ तेव्हापासून तुझी आई गप्प आहे. तुझ्या खोलीतली पोरगी तिला म्हणाली, की तू रात्री तीनपर्यंत जागतेस आणि मेसचा डबा तसाच परत जातो. त्यावर मी काही लिहिणार नाही. फक्त पेपराचं लिहितो.

उत्तरांचे फोटो मधल्या सुट्टीत नीट पाहिले. आकडेमोड तुझी पक्की आहे, पण एकाही गणिताला आकृती नाही. पहिल्या ओळीत सूत्र, दुसरीत आकडे. उतरणीवरच्या ठोकळ्याचंच बघ. नॉर्मल, म्हणजे उतरणीचा ठोकळ्यावरचा रेटा, तू सरळ एमजी, म्हणजे अख्ख्या वजनाएवढा धरलास. ठोकळा एकटा काढून त्याच्यावरचे बाण काढले असतेस, म्हणजे वजन सरळ खाली, नॉर्मल उतरणीला काटकोनात, घर्षण उतरणीलगत वरच्या बाजूला, तर एमजी कॉस थीटा (थीटा म्हणजे उतरणीचा कोन) डोळ्यांनाच दिसलं असतं.

उत्तर आलं की त्याला उलटे प्रश्न विचार. कोन शून्य केला तर नॉर्मल एमजी, नव्वद केला तर शून्य. पटतं ना? आता त्वरण बघ: जी गुणिले (साइन थीटा वजा म्यू कॉस थीटा), म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक. कोन शून्य ठेवलास तर उणे येतं. म्हणजे सपाट फरशीवरचा ठोकळा आपणहून मागे सरकायला लागला! तिथं थांबायचं. सूत्र बरोबर आहे, पण ‘ठोकळा घसरतोय’ हे आपण धरून चाललो, ते तिथं लागू नाही. टॅन थीटा म्यूपेक्षा मोठा असेल तरच तो घसरायला लागेल. हे एकदा स्वतःला सापडलं की धडा पाठ करावा लागत नाही.

आकडे शेवटी घाल. तोवर अक्षरांतच चाल, आणि एककं तपास. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाशी पोचून गमावलं, कारण एका बाजूचे आकडे पाउंडांत होते आणि दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये समजत होती. एवढी मोठी माणसं होती ती.

बघ, वर्गच घेतला मी तुझा. रागावू नकोस, पोरी. झोपतेस ना पण?

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरलं की काका मोटर आत खाली घ्यायचे, ते आठवतं? पाणी दिसतंय, मोटर चालतेय, मग वर का येत नाही, म्हणून तू सगळ्यांच्या मागे लागली होतीस. मी सांगितलं, पाणी मोटर ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते, आणि तिचं बळ जेमतेम १० मीटरपर्यंत, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तू गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं विहीर काढलीस, पाण्यावर हवेचे बाण काढलेस आणि म्हणालीस, ‘मग मोटरच पाण्याजवळ न्यायला पाहिजे.’ चौथीत होतीस! आजी येईल त्याला भिंत दाखवायची, ‘हाई मनी नातनी काढेल शे.’ तुला आकृती काढायला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून तुझं ‘होणार नाही’ मला पटत नाही. एका प्रश्नाला दोन-अडीच मिनिटं, त्यात आकृतीला वेळ कुठला, असं म्हणशील. आकृती अर्ध्या मिनिटात होते. चुकीच्या सूत्रामागे गेलं की जास्त वेळ जातो.

आणि दिवसभर केलेला अभ्यास झोपेत पक्का होतो. आई डब्याचं विचारते तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. भुसावळच्या मामांकडे त्या वर्षी जे झालं, ते ती विसरलेली नाही. मीही नाही. मार्क कमी आले तरी घर हेच आहे, तुझी खोली तशीच आहे. हे मी फोनवर बोलायला हवं, पण बोलताना माझा आवाज जातो.

बंटी शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर शेव आणि केळीचे वेफर्स पाठवतो. ते जेवणाऐवजी नव्हेत, जेवणानंतर.

या आठवड्यात नवीन धडा घेऊ नकोस. उतरणीची पाचच गणितं कर, प्रत्येकाची आकृती काढून मला फोटो पाठव. रात्री अकरानंतर आलेला फोटो मी तपासणार नाही.

तुझे अप्पा