एका सत्रात तीन संग्रह, पण पूर्ण

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा आखले जात आहेत, म्हणून समकालीन कवितेच्या पेपरबद्दल लिहिते. मी घाटंजी तालुक्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या पेपरात दहा-बारा कवी आणि प्रत्येकाची एकेक कविता. आज एक कवी, उद्या दुसरा. मुलांना संग्रहाचे नाव आणि ‘आशय व अभिव्यक्ती’ची टिपणे पाठ होतात, पण एकाही कवीशी ओळख होत नाही. त्यापेक्षा सत्रभर तीनच संग्रह लावा आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू द्या.

माझी निवड सांगते: आदिवासी कवी भुजंग मेश्राम यांचा ‘ऊलगुलान’, बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही यांचा ‘कल्लोळातला एकांत’ आणि २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’.

सुरुवात मेश्रामांपासूनच व्हावी. आमच्या वर्गात कोलामांच्या पोडावरची, बंजारा तांड्यावरची, गोंड वस्तीवरची मुले बसतात. गेल्या वर्षी मी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन ‘ऊलगुलान’मधल्या कविता त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या. एरवी हजेरीपुरतेच तोंड उघडणारी पोडावरची एक मुलगी उठली. तिने कविता संपवली, क्षणभर थांबली आणि कुणी न सांगता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. ‘ऊलगुलान’ हे बिरसा मुंडांच्या उठावाचे नाव. मग तो उठाव कुठे झाला, का झाला, यावर तास संपेपर्यंत बोलणे चालले. जाता जाता तिने विचारले, ‘मॅडम, आमच्या बोलीत लिवलं तं मार्क भेटतीन काय?’ अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आमच्याच हातात असतात. त्यात स्वतःच्या बोलीतल्या लेखनाला जागा ठेवायला काय हरकत आहे? अभ्यास मंडळाने हे स्पष्ट लिहून द्यावे, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला ते बिनधास्त करता येईल.

दुसरे म्हणजे वेळापत्रक. पहिले सत्र पेरणीच्या आगेमागे सुरू होते. निंदण, डवरणीच्या दिवसांत मुले निदान येऊन-जाऊन असतात, पण ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला आले की अर्धा वर्ग वावरात असतो. त्यांना गैरहजर म्हणून दंड करण्यात अर्थ नाही, त्या मजुरीवर घर आणि फी दोन्ही चालतात. म्हणून लांब, अवघड कविता पोळ्याच्या आत घ्याव्यात आणि लहान कविता सोंगणीच्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. त्या मी मोबाइलवर वाचून पाठवते. मुली कापूस वेचतानाही ऐकतात आणि परत आल्यावर नेमक्या ओळीवर बोट ठेवून बोलतात.

अडते ते पुस्तकांपाशी. तालुक्याच्या दुकानात गाईड हवे तितके मिळते, कवितासंग्रह मात्र मागवावा लागतो. ग्रंथालयातली एकुलती प्रत हातोहात फिरून तिची शिवण सुटली आहे. नेमलेल्या संग्रहाच्या निदान दहा प्रती प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयाला मिळाव्यात, ही विद्यापीठांना विनंती. आणि आपल्याला एक विनंती: जुलै ते ऑक्टोबर रविवारच्या पुरवणीत, कवींची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घेऊन, दर आठवड्याला एक समकालीन कविता छापा. आपले वर्तमानपत्र आमच्या गावात सकाळी सातच्या एसटीने पोहोचते.

– मराठीच्या एक प्राध्यापिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ