रविवारी नदीवर: स्केटिंग आणि जुने फोटो

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता विनिपेगच्या द फोर्क्स मार्केटच्या दाराशी जमूया. उन्हाळ्यात रेड आणि असिनिबॉइन नद्यांवर कनू वल्हवायची, हिवाळ्यात त्याच पाण्यावर स्केटिंग करायचं, हे सुख आपल्या मुलांनाही कळायला हवं. म्हणून दोन्ही ऋतूंचे जुने फोटो जरूर आणा. मागे ठिकाण आणि साल पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

बर्फावर फक्त अधिकृत वाट उघडी असेल तरच उतरायचं. एकट्याने चालायला निदान १५ सेंमी आणि घोळक्याला २० सेंमी जाड, स्वच्छ निळसर बर्फ लागतो. पांढऱ्या बर्फाची ताकद जवळपास निम्मीच असते. पुलांखाली आणि पावसाळी गटारांच्या तोंडाशी प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो. तिथे कोणीही जाऊ नये, मुलांवर लक्ष ठेवा.

- लोकरी मोजे घाला, सुती नकोत. ओलावा धरून ते पाय गारठवतात.
- स्केटची नाडी घोट्याशी घट्ट, बोटांपाशी सैल.
- मुलांना हेल्मेट सक्तीचं.
- मोबाईल आतल्या खिशात. थंडीत बॅटरी पटकन उतरते.

वाट बंद असली तर फोटो मार्केटमध्येच बसून पाहू. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.